लांडग्याचे कपडे कुठं गेले?

माझे वडील शिंपी होते. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचं दुकान. एक शिलाई मशीन, एक मोठी कातर आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लटकणारे तयार कपडे, एवढाच पसारा. शिंप्याच्या घरातलं पोर गोष्ट ऐकतं, तेव्हा त्याचं लक्ष भलतीकडेच जातं. राजपुत्र निघाला म्हटलं, की त्यानं अंगात काय घातलं होतं, हे त्याला आधी कळायला हवं असतं.

‘नागिन’ हा रीना रॉयचा सिनेमा आला १९७६ साली. आमच्या गावच्या उरुसातल्या तंबूत तो पोहोचायला आणखी तीन-चार वर्षं गेली. इच्छाधारी नागीण पडद्यावर सळसळत येते, क्षणात बाई होते, आणि तीही कशी? नखशिखान्त नटलेली. पुन्हा साप होते, तेव्हा जमिनीवर कपड्याचा एक धागाही उरत नाही. अख्खा तंबू श्वास रोखून बसला होता आणि मी मात्र हिशेब करत होतो, की एवढं कापड गेलं कुठं?

रात्री घरी आल्यावर नानीला विचारलं. नानीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आमच्या घरातलं गोष्टींचं खातं तिच्याकडंच होतं. सिनेमावाल्यांच्या अकलेवर तिचा फारसा विश्वास नव्हता. ती म्हणाली, “कपडे उतारके रखे नै तो वापस कैसा आएंगा?” कपडे काढून नीट ठेवले नाहीत, तर माणूस परत येणार कसा?

पोराला झोपवण्यासाठी दिलेलं उत्तर, असं मी तेव्हा समजलो. पुढं बी.ए.ला असताना आणि नंतरही जुन्या गोष्टींची पुस्तकं हाती येत गेली, आणि ध्यानात आलं, की रूप बदलणाऱ्या माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना हा प्रश्न किमान दोन हजार वर्षं छळतो आहे. आणि नानीनं दिलेलं उत्तर हेच त्यातलं सगळ्यात जुन्यांपैकी एक आहे.

पहिल्या शतकातल्या रोममध्ये पेट्रोनियस नावाचा लेखक होऊन गेला. त्याच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये एका नवश्रीमंताच्या घरी मेजवानी चालली आहे आणि नायसेरॉस नावाचा पाहुणा आपबीती सांगतो आहे. चांदण्या रात्री एका सैनिकाला सोबत घेऊन तो गावाबाहेर निघाला. वाटेत थडगी लागली. सैनिकानं तिथं सगळे कपडे उतरवले, रस्त्याच्या कडेला ठेवले, त्यांच्याभोवती लघवीचं कडं केलं आणि लांडगा होऊन ओरडत रानात पळाला. नायसेरॉस कपडे उचलायला गेला, तर त्यांचे दगड झालेले! पुढं कळतं, की एका लांडग्यानं वाडीतल्या जनावरांचा फडशा पाडला आणि तिथल्या गुलामानं त्याच्या मानेत भाला खुपसला. नायसेरॉस घरी परततो, तेव्हा सैनिक बिछान्यात पडलेला असतो आणि वैद्य त्याच्या मानेची जखम बांधत असतो.

भाल्याची जखम सगळ्यांच्या लक्षात राहते. मला त्या दगडांचंच कौतुक वाटतं. सैनिक लांडगा होण्याच्या घाईत आहे, पण त्याआधी कपड्यांचा बंदोबस्त करतो. ते कुणाला उचलता येऊ नयेत, याची तजवीज करूनच तो जातो.

त्याच शतकातला प्लिनी हा माहितीचा मोठा साठेबाज. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटात इसवी सन ७९ मध्ये तो मरण पावला. त्यानं आपल्या ग्रंथात ग्रीसमधल्या अर्केडियाची एक दंतकथा नोंदवली आहे. एका घराण्यातला माणूस चिठ्ठी टाकून निवडायचा आणि त्याला तळ्याकाठी न्यायचं. तो कपडे ओकच्या झाडाला टांगतो, पोहून पलीकडं जातो आणि लांडगा होतो. नऊ वर्षं माणसाच्या वाटेला गेला नाही, तर त्याच तळ्यातून पोहत परत येतो आणि पुन्हा माणूस होतो, नऊ वर्षांनी म्हातारा झालेला. इथवर प्लिनी निमूटपणे सांगतो. पण त्याला तेच जुने कपडे परत मिळतात, एवढं नोंदवलं आणि त्याचा धीर सुटला. हे ग्रीक लोक कशावरही विश्वास ठेवतात, असं म्हणून तो चिडतो. नऊ वर्षं झाडाला टांगलेले कपडे! ऊन, पाऊस, कसर, चोर यांचा विचार प्लिनीनं केला असणार. माझ्या वडिलांनीही केला असता.

पण या सगळ्यांत ज्या गोष्टीनं मला धरून ठेवलं, ती बाराव्या शतकातली आहे. मारी द फ्रान्स या कवयित्रीची. तिच्याविषयी आपल्याला नावापलीकडं फार थोडं ठाऊक आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बहुधा इंग्लंडमध्ये राहून फ्रेंचमध्ये लिहीत होती. तिची बारा कथाकाव्यं आज जगाला माहीत आहेत, आणि ती बाराच्या बारा एकत्र सापडतात ती तेराव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितात. आता ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातल्या एका कवितेचं नाव ‘बिस्क्लाव्रे’. ब्रिटनीच्या बोलीत हा माणूस-लांडग्यासाठीचा शब्द. कविता जेमतेम सव्वातीनशे ओळींची आहे.

ब्रिटनीत एक सरदार आहे. देखणा, राजाच्या मर्जीतला. बायकोवर त्याचं प्रेम आहे, तिचंही त्याच्यावर आहे. पण आठवड्यातले तीन दिवस तो कुठं जातो, ते कुणालाच ठाऊक नाही. बायको लाडीगोडी लावून विचारते. तो टाळतो, मग सांगतो, की मी लांडगा होतो, दाट रानात राहतो, शिकार करून खातो.

यावर आपण काय विचारलं असतं? दुखतं का, भीती वाटते का, कधीपासून होतं आहे? ती विचारते, कपडे अंगावर असतात का? नसतात, तो म्हणतो. मग ते ठेवता कुठं?

इथं तो अडतो. लांडगा असल्याचं त्यानं सांगून टाकलं, पण कपड्यांची जागा सांगायला धजत नाही. कारण ते हरवले, तर सापडेपर्यंत त्याला लांडगाच राहावं लागेल. ती हट्ट धरते. शेवटी तो सांगतो, रानाजवळच्या वाटेवर जुनं प्रार्थनाघर आहे, तिथं झुडपाखाली एक पोकळ दगड आहे, त्यात ठेवतो.

मारीनं किती अचूक जागी बोट ठेवलं आहे पाहा. आपलं गुपित सांगणं वेगळं आणि आपलं परतणं कशावर अवलंबून आहे ते सांगणं वेगळं. दुसरं आपण फार थोड्यांना सांगतो. कित्येक जण कुणालाच सांगत नाहीत.

बायको घाबरते. तिच्यावर कधीपासून भाळलेला एक सरदार असतो, त्याला बोलावून घेते आणि त्याच्याकरवी ते कपडे पळवते. नवरा परत येत नाही. लोक शोधतात, थकतात. ती त्या सरदाराशी लग्न करते. वर्षभरानं राजा त्या रानात शिकारीला येतो. कुत्रे एका लांडग्याला घेरतात. लांडगा धावत येतो, राजाची रिकीब धरतो आणि त्याच्या पायाचं चुंबन घेतो. राजा त्याला वाड्यावर आणतो. तो सगळ्यांशी मायेनं वागतो, रात्री राजाजवळ झोपतो. फक्त दोघांवर धावून जातो. आधी त्या सरदारावर आणि मग, जवळ आली तेव्हा, जुन्या बायकोवर. तिचं तो नाकच तोडतो. दरबारातला एक शहाणा माणूस म्हणतो, की हा उगाच असं करणारा नाही. बायकोचा छळ करून तिच्याकडून खरं काढलं जातं आणि कपडे आणले जातात.

ते लांडग्यापुढं ठेवतात. सगळे डोळे विस्फारून पाहत असतात. आणि लांडगा त्या कपड्यांकडं ढुंकूनही बघत नाही.

हे कपडे त्याचे नसतीलच, असं कुणालाही वाटलं असतं. पण तोच शहाणा माणूस पुढं होतो. राजाला सांगतो, की तुमच्या सगळ्यांसमोर तो हे करणार नाही, त्याला फार लाज वाटत असणार. त्याला तुमच्या शयनगृहात न्या, कपडे तिथं ठेवा आणि थोडा वेळ एकटं सोडा. राजा स्वतः त्याला आत नेतो आणि सगळी दारं लावून घेतो. बऱ्याच वेळानं दोन सरदारांना बरोबर घेऊन तो दार उघडतो, तेव्हा राजाच्या पलंगावर तो माणूस झोपलेला असतो. राजा धावत जाऊन त्याला मिठी मारतो.

बदल घडतो तो आपल्याला दिसतच नाही. दार बंद आहे आणि मारीही बाहेर आपल्याबरोबरच उभी आहे.

इथं एक घरगुती आठवण सांगतो. २००९ साली अब्बांचं पोटाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात त्यांना मागं नाड्या असलेला हिरवा झगा घातला होता. सगळ्यांनाच घालतात, त्यात कुणाची चूक नाही. पण जन्मभर लोकांच्या अंगावर मापात कपडा बसवणारा हा माणूस दोन दिवस त्या झग्यात भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. बोलेना, खाईना. भुलीचा अंमल असेल, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी अम्मीनं घरून त्यांचा पांढरा लेंगा, सदरा आणि टोपी आणली. मी मदत करायला पुढं झालो, तर त्यांनी हातानंच आम्हाला बाहेर जायला खुणावलं. सिस्टर म्हणाली, “काका, पडाल हो.” त्यांनी ऐकलं नाही. आम्ही तिघं दहा-बारा मिनिटं दाराबाहेर उभे राहिलो. आत गेलो, तेव्हा ते कॉटवर ताठ बसले होते, सगळी बटणं बरोबर लागलेली. माझ्याकडं पाहून म्हणाले, “बाहीची इस्त्री बराबर नै.”

‘बिस्क्लाव्रे’ मी त्याच्या बऱ्याच आधी वाचली होती. ती कळली त्या दाराबाहेर.

ही गोष्ट एकदा माझ्या मुलीला सांगितली. ती शांतपणे म्हणाली, “अब्बा, नवरा लांडगा आहे कळल्यावर ती घाबरली, यात तिचं काय चुकलं?” मला उत्तर देता आलं नाही. मारीनं त्या बाईला दयामाया दाखवलेली नाही. तिचं नाक जातं, तिला देशाबाहेर हाकलतात आणि तिच्या वंशातल्या कित्येक मुली बिननाकाच्या जन्मतात, असंही सांगून टाकते. आठशे वर्षांपूर्वीची बाई बाईवर एवढी का रागावली असेल, हा विचार माझा अजून संपलेला नाही.

मुलीच्या प्रश्नानं मला नानीच्या एका गोष्टीकडं परत नेलं. बसऱ्याचा हसन नावाचा सोनार. ही गोष्ट ‘अलिफ लैला’मध्ये, म्हणजे ‘अरबी सुरस कथां’मध्ये आहे. पक्ष्यांच्या रूपात काही मुली तळ्यावर उतरतात, पिसांचे पेहराव काढून पाण्यात शिरतात. हसन त्यांतला एक पेहराव लपवतो. बाकीच्या उडून जातात, ती एकटी राहते आणि त्याची बायको होते. त्यांना दोन मुलगे होतात. पुढं बगदादमध्ये हसन घरी नसताना ती हमामात जाते, तिच्या रूपाची वार्ता खलिफा हारून अल रशीदच्या बेगमेपर्यंत, जुबैदापर्यंत पोहोचते. बेगमेसमोर ती म्हणते, माझा पिसांचा पेहराव सासूबाईंकडं आहे. बेगमेपुढं सासूचं काय चालणार? पेहराव आणला जातो. ती तो चढवते, दोन्ही मुलांना कवेत घेते आणि उडून जाते ती थेट वाक-वाकच्या बेटांवर.

इथं उलटी तऱ्हा आहे. सरदाराचे कपडे हे त्याचं माणूसपण होतं. हिचा पेहराव हेच तिचं पाखरूपण. पण सूत्र एकच. ज्याच्या हाती कपडे, त्याच्या हाती सुटका. लहानपणी मी हसनच्या बाजूनं होतो, बिचाऱ्याची बायको गेली म्हणून हळहळायचो. आता वाटतं, सरदाराचे कपडे लपवणाऱ्या बाईला आपण कपटी म्हणतो आणि पिसं लपवणाऱ्या हसनला नायक, हे काही खरं नाही. नानी मात्र ती उडाली, की दर वेळी “गई बेचारी” म्हणायची आणि त्या ‘गई’मध्ये दुःख कमी, सुटल्याचा आवाज जास्त असायचा.

कातडंच कपडा असण्याची याहून चमत्कारिक नोंद मारीच्याच काळात वेल्सच्या जेराल्ड या धर्मगुरूनं केली आहे. आयर्लंडविषयीचा त्याचा ग्रंथ ११८८च्या सुमाराचा. त्यात रात्री रानात शेकत बसलेल्या एका पाद्र्याकडं लांडगा येतो आणि बोलू लागतो, माझी जोडीदारीण मरते आहे, तिला अखेरचा प्रसाद द्या. पाद्री कचरतो. तेव्हा लांडगा पंजानं लांडगीचं कातडं डोक्यापासून बेंबीपर्यंत सोलून खाली ओढतो. आत एक म्हातारी असते. प्रसाद झाल्यावर तो कातडं पुन्हा जागच्या जागी बसवतो. अस्तर उलगडून दाखवावं आणि परत टाचून टाकावं, तसं!

आपल्याकडं हा प्रश्न कुणाला पडला नाही, असं मी बराच काळ समजत होतो. देह म्हणजेच वस्त्र आणि मरण म्हणजे जुनं वस्त्र टाकणं, असं गीतेनं एकदा सांगितल्यावर वरच्या कपड्यांची कोण चिंता करणार? साप कात टाकतो, हे आपण रोज पाहतो. माणसानंही नवी सुरुवात केली, की ‘कात टाकली’ म्हणतो. सिनेमातल्या नागिणीला कपड्यांचा हिशेब द्यावा लागत नाही, तो कदाचित म्हणूनच.

पण मग महाभारतातलं नलोपाख्यान पुन्हा वाचलं आणि मी खजील झालो. द्यूतात सगळं गमावलेला नळ अंगावरचं एकमेव वस्त्र पक्ष्यांवर टाकतो. पक्षी ते घेऊन उडून जातात. मग झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र कापून घेऊन तो तिला रानात सोडून जातो. पुढं वणव्यातून वाचवलेला कर्कोटक नाग त्याला डसतो आणि नळाचं रूप पालटतं, कुरूप बाहुक होतं. त्याच वेळी कर्कोटक त्याला दोन दिव्य वस्त्रं देतो. स्वतःचं रूप हवं असेल तेव्हा माझं स्मरण कर आणि ही नेस. मारीच्या कितीतरी आधी आपल्या कथाकारानं हे बांधून ठेवलं होतं. वस्त्र गेलं, कापलं गेलं, रूप गेलं आणि परतायची वाट पुन्हा वस्त्रातूनच. शाळेपासून ही कथा ऐकत आलो, पण दमयंतीचं स्वयंवर आणि हंस यांतच रमलो. शिंप्याच्या पोराला ती वस्त्रं दिसू नयेत, हे नवलच.

बाहुकाला दमयंतीनं ओळखलं, ते त्यानं रांधलेलं मांस चाखून. हे वाचताना मला एक प्रसंग आठवतो. शुक्रवारच्या नमाजानंतर मी तसाच एका कविसंमेलनाला गेलो होतो. दारावरच्या पोरानं मोठ्या अदबीनं सांगितलं, “चाचा, मुशायरा पलीकडच्या हॉलमध्ये आहे.” टोपी तशीच ठेवून मी मंचावर गेलो आणि कविता म्हटली. नंतर तोच पोरगा चहा घेऊन आला. “सर,” म्हणाला.

विसाव्या शतकात या गोष्टी पडद्यावर आल्या आणि कपड्यांचा प्रश्न कथाकाराकडून सेन्सॉरकडं गेला. हॉलिवुडची आचारसंहिता १९३४ पासून कडक झाली होती. १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये लॉन चेनी ज्युनियर बनियनवर खुर्चीत बसतो, त्याच्या पायांवर केस उगवतात आणि पुढच्याच दृश्यात रानात फिरणाऱ्या लांडगेमाणसाच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला गडद शर्ट असतो! पंजांनी बटणं कशी लावली, ते अब्बांनाच विचारायला हवं होतं. १९६२ साली अमेरिकन कॉमिकमध्ये हल्क आला. त्याचा शर्ट फाटतो, पँट मात्र टिकते. तसली शिलाई जमली असती, तर आमच्या दुकानासमोर रांग लागली असती. १९९६ पासून आलेल्या ‘ॲनिमॉर्फ्स’ या मुलांच्या पुस्तकमालेत तर नियमच आहे, की अंगाला घट्ट बसणारे कपडेच रूपाबरोबर बदलतात, बूट नाहीत. १९८१च्या ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’चा नायक सकाळी प्राणिसंग्रहालयात लांडग्यांच्या पिंजऱ्यात उघडा जागा होतो आणि एका मुलाच्या हातातले फुगे हिसकावून लाज झाकतो. प्रेक्षक हसतात, मीही हसलो. पण या सगळ्यांत अडचण एवढीच, की बघणाऱ्यांचं कसं व्हायचं. कपडे हरवले म्हणून कुणाचं माणूसपण अडत नाही. दुसरे मिळतात.

मारीची कविता तेराव्या शतकात नॉर्वेला पोहोचली. हाकोन राजाच्या सांगण्यावरून तिचा जुन्या नॉर्स भाषेत गद्य अनुवाद झाला. अनुवादकाचं नाव कळत नाही, पण गोष्ट संपल्यावर त्याला राहवलेलं नाही. त्यानं पुस्ती जोडली आहे, की ज्यानं हे पुस्तक नॉर्समध्ये आणलं, त्यानं लहानपणी एक श्रीमंत शेतकरी पाहिला होता, तो कधी माणूस असे, कधी लांडगा, आणि लांडगे काय काय करतात, ते सगळं सांगत असे. कपडे कुठं ठेवायचा, तेवढं मात्र लिहायचं राहून गेलं आहे.